चोक धरायला माणूस हवं

गाडी घ्यावी तर जर्मन! बाकीच्या गाड्या म्हणजे डब्याला लावलेली चाकं! हे माझं मत मी लखनौच्या आमच्या संशोधन संस्थेत, निशातगंजच्या बाजारात आणि घरी जेवताना इतक्यांदा ऐकवलं होतं, की शेवटी आई वैतागून म्हणाली, "चंद्रहास, घेऊन टाक बाबा एकदाची. जेवताना तोंडाला विश्रांती तरी मिळेल."

खरं तर मी स्कूटरसाठी नंबर लावला होता. पण ते एक्क्याऐंशी साल होतं. स्कूटरचा नंबर लागेपर्यंत माणसाला ती चालवायला नातवंडांची मदत घ्यावी लागे! तेवढ्यात कळलं की तेलीबागेतल्या एका ठेकेदाराकडे जुनी जर्मन गाडी विकायला आहे. कुणी परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना ती इथेच सोडून गेला होता. मी पाहायला गेलो आणि पाघळलोच. सायीसारखा रंग, आत चामड्याच्या बैठका, आणि दार लावलं की 'धप्प' असा भारदस्त आवाज!

"इतकी स्वस्त कशी देतायत?" माझ्या बायकोने, पद्मिनीने, हळूच विचारलं.

"अगं, लखनौत पारखी कुठे आहेत!" मी म्हणालो.

एक पारखी नेमका होता, आणि ठेकेदाराला तो सापडला होता.

तेलीबागेहून निशातगंजपर्यंत गाडी ऐटीत आली. आमच्या फाटकात वळली आणि तिच्या पोटात 'खडाक्' झालं. इंजिन घुरघुरतंय आणि चाकं ढिम्म! शेजारचे श्रीवास्तवजी नव्या गाडीपुढे नारळ फोडताना बघायला आले होते, त्यांना ढकलायला लावलं.

जयसिंग मिस्त्री आला, गाडीखाली शिरला आणि चेहरा पाडून बाहेर आला.

"साहब, गियर का पुर्जा टूटा है. लखनऊ में नहीं मिलेगा."

"दिल्ली में?"

"दिल्लीवाला बोलेगा बंबई. बंबईवाला बोलेगा जर्मनी."

"और जर्मनीवाला?"

"वो अपनी चिट्ठी का जवाब क्यों देगा, साहब?"

वर त्याने बजावलं, की पुर्जा येईपर्यंत इंजिन रोज संध्याकाळी थोडा वेळ चालवायचंच, नाहीतर तेही बसेल. शिवाय थंड इंजिनाला जादा पेट्रोल पाजणारा गाडीचा चोक बिघडलेला. त्याचं बटण ओढलं की परत आत जाई. "एक आदमी पैडल दबाए, दूसरा चोक पकड़े रहे," असं सांगून जयसिंगने बिल हातात ठेवलं. उभ्या गाडीचं एवढं बिल, तर चालती असती तर काय झालं असतं! हत्ती पोसणं म्हणतात ते हेच. फक्त हत्ती निदान चालतो तरी.

चोक धरायला कोण? आईचे गुडघे दुखायचे, तिला गाडीत उतरता-चढता येईना. नंदाआत्याला पेट्रोलच्या वासाने मळमळायचं. उरली पद्मिनी.

आता आमचं घर सांगायला हवं. दोन खोल्या. एकीत स्वयंपाक, देव आणि आई. दुसरीत आम्ही, मधे पडदा, आणि पडद्यापलीकडे आत्या, जिला झोप कमी आणि ऐकू जास्त येतं! लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण आम्हा नवरा-बायकोचं बोलणं 'रॉकेल संपलं' आणि 'उद्या दळण आणा' यापुढे गेलं नव्हतं. त्यापुढे गेलं की पलीकडून आत्या खाकरायची.

पहिल्या दिवशी आम्ही गाडीत बसलो. धप्प, धप्प, दोन्ही दारं लागली. मी पेडलवर पाय ठेवला, तिने चोक धरला. बाहेरचा बाजार, सायकलींच्या घंट्या, आत्याचं खाकरणं, सगळं एकदम बंद! आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही लाजलो. दोन वर्षांनी!

"एक सांगू का?" ती म्हणाली. "मला कारलं आवडत नाही."

मी उडालोच. दोन वर्षं मी दर रविवारी तिच्यासाठी निवडून निवडून कारली आणत होतो!

"मग बोलली का नाहीस?"

"कुठे बोलणार? आत्यांनाच आवडतं ना ते."

मग रोजच संध्याकाळ झाली की आम्ही 'इंजिन चालवायला' जायचो. मला कळत गेलं, की माझी बायको मोठ्याने हसते. पदर तोंडाला न लावता, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत! ती शिट्टी वाजवते! कोल्हापूरला अर्धवट सोडलेलं एम.ए. तिला पुरं करायचंय. आणि घरात 'अहो, ऐकलंत का' म्हणणारी पद्मिनी गाडीत मला हळूहळू 'अरे' म्हणायला लागली. घरात अहो, गाडीत अरे! मला विचाराल तर त्या बंद पडलेल्या गाडीने मला जिथे नेलं तिथे चालत्या गाडीने कुणी गेलं नसेल. मी तिच्या प्रेमात पडलो हो! स्वतःच्या बायकोच्या! सांगायला लाज वाटते, पण पडलो.

घोटाळा इथेच झाला. आई खिडकीतून बघत होती. काचा बंद, दोघांची तोंडं अखंड चाललेली, मी हातवारे करतोय आणि सून डोळे पुसतेय. आईने निष्कर्ष काढला, पोरं भांडतात!

"आपल्या कानावर पडू नये म्हणून बिचारी गाडीत जाऊन भांडतात गं," ती आत्याला म्हणाली.

"त्या गाडीतच काहीतरी आहे, वहिनी," आत्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी आरशाला लिंबू-मिरच्या लटकल्या.

तिसऱ्या दिवशी श्रीवास्तवजींनी काचेवर टकटक केलं. हातात पेढे, चेहऱ्यावर शोक. "भाभीजी, मियाँ-बीवी में यह सब चलता रहता है. चंद्रहास भाई, आप ही झुक जाइए!" झुकायला जागा नव्हती, स्टिअरिंग पोटाला लागत होतं. मी हो म्हटलं. पद्मिनी हसू दाबायला खाली वाकली, तर ते म्हणाले, "देखिए, कितना रो रही हैं!"

आता मात्र आईने कंबर कसली. भांडणाचं मूळ गाडी, म्हणजे गाडी दुरुस्त झाली की संसार दुरुस्त! पुण्याला तिचा भाऊ, लक्ष्मीकांतमामा, एका कारखान्यात फोरमन होता. तिथे जर्मन साहेब येत-जात. आईने मामाला ट्रंककॉल लावला आणि अशी काही रडली, की मामाने जर्मनीहून पुर्जा मागवला आणि कुणाबरोबर तरी लखनौला पाठवूनही दिला. जे मला जमलं नाही, ते आईच्या रडण्याला जमलं!

जयसिंगने गिअर बसवला. गाडी चालली! अंगणात टाळ्या पडल्या. जाता जाता तो खुशीत म्हणाला, "साहब, चोक भी ठीक कर दिया. अब किसी को पकड़ने की ज़रूरत नहीं."

मी पद्मिनीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती, पण हात नुसतेच एकमेकांना लागत होते.

दुसऱ्या दिवसापासून गाडी घरची राहिली नाही, गावची झाली. आत्याला देवळात न्या. तिची मळमळ चालत्या गाडीत कुठे गेली कोण जाणे! श्रीवास्तवजींच्या मेव्हणीला चारबाग स्टेशनला सोडा. पुढे माझ्या शेजारी कायम श्रीवास्तवजी, रस्ता दाखवायला. जो रस्ता मला आधीच माहीत असायचा! रविवारी सगळे बख्शी का तालाबकडे जांभळं खायला निघालो. मागे आई, आत्या, श्रीवास्तववहिनी, आणि त्यांच्यामागे कुठेतरी पद्मिनी. आरशात मला तिचं फक्त कपाळ दिसत होतं.

एका वळणावर समोर म्हैस आली. मी श्रीवास्तवजींचं ऐकत होतो. इतक्यात मागून आवाज आला,

"अरे चंद्रहास, म्हैस!"

ब्रेक लागला. म्हैस वाचली. आत्याचा आ वासलेला. पद्मिनीचं कपाळही आता आरशातून नाहीसं झालं. मी मुकाट गिअर टाकला. आई बराच वेळ सुनेकडे बघत होती. मग पदर तोंडाला लावून ती खिडकीकडे वळली.

पुढच्या रविवारी मलिहाबादला आंबे खायला जायचं ठरलं. सगळ्यांनी नवे कपडे घातले. पहाटे, दूधवाला यायच्या आत, मी हळूच बॉनेट उघडलं आणि एक वायर काढून ठेवली. इतक्या कष्टाने दुरुस्त केलेली गाडी मी स्वतः बिघडवली! पण काय करणार, मला माझी बायको परत हवी होती.

सगळे बसले. मी किल्ली फिरवली. काही नाही! "अरेरे," मी म्हणालो. जरा जास्तच जोरात.

श्रीवास्तवजी धावत जाऊन जयसिंगला घेऊन आले. मला वाटलं होतं रविवारी तो मिळणार नाही! त्याने माझी वायर शोधून लावली. किल्ली फिरवली. तरीही काही नाही! आता मला खरंच घाम फुटला. त्याने पुन्हा डोकं आत घातलं.

"साहब, इधर दूसरी तरफ़ भी एक तार निकली हुई है."

मी पद्मिनीकडे पाहिलं. ती आकाशाकडे पाहत होती. तिच्या बोटांना काळं ग्रीस लागलं होतं.

तीही वायर लागली. इंजिन सुरू झालं, गुदमरल्यासारखं खोकलं आणि पुन्हा बंद! जयसिंग डोकं खाजवत मागे गेला, खाली वाकला आणि धुराच्या नळीतून त्याने ओढून ओढून एक लांबलचक हिरवी चिंधी काढली.

"अगं बाई!" आत्या किंचाळली. "वहिनी, हे तर तुझं जुनं लुगडं!"

सगळे आईकडे बघायला लागले. आई शांत होती. "धुराडं बुजलं की चूल पेटत नाही, एवढं मला कळतं," ती म्हणाली. मग आत्याचा दंड धरून तिला गाडीतून बाहेर काढत म्हणाली, "चला वन्सं, आपल्याला गाडी लागते."

"मला कुठे लागते?"

"आजपासून लागते!"

श्रीवास्तवजींना काहीच कळलं नव्हतं, पण आई उतरली म्हणून तेही उतरले. जयसिंग चिंधी हातात धरून उभाच. "तो साहब, चालू कर दूँ?"

"नको!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

मग आई दोन पावलं पुढे आली आणि तिच्या ठेवणीतल्या हिंदीत त्याला म्हणाली, "और सुनो भैया, वो चोक पहले जैसा कर दो. पकड़ने को माणूस लगना चाहिए."

चोक बिघडवण्याची मजुरी जयसिंगने दुरुस्तीच्या दुप्पट लावली. मी हुज्जत घातली नाही.