सहा साखळ्यांवरचे आजोबा

जमिनीच्या कागदांबाबत मला कोणी शिकवू नये! चौतीस वर्षं मी जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत कारकुनी केली आहे. हुडकेश्वरला आमच्या ले-आउटमधल्या मोकळ्या जागेत कडुनिंबाखाली एक बसका दगड आहे. निवृत्तीनंतर इथं राहायला आल्यापासून रोज सकाळी त्यावर बसून मी पेपर वाचतो आणि फिरायला येणाऱ्यांना सातबारा, फेरफार समजावून सांगतो. त्यांनी विचारलं नसलं तरी!

माझी परीक्षा घेतली ती यमुआत्यानं. आम्ही गोसावी. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, इथल्याच शिवारात असे बसवलेले. तेव्हा आत्या नऊ वर्षांची होती. पुढं घर शहरात सक्करदऱ्याला गेलं, शेतं विकली गेली, शेतांचे प्लॉट पडले आणि आजोबा हरवले!

"विश्वनाथ," आत्या म्हणाली, "एक डोळा तर गेलाच. दुसऱ्यानं दिसून राहिलं तोवर बाबाच्या दगडावर बेल वाहू दे मले. दर शिवरात्रीले वाहीन म्हणून मायले शब्द देल्ला होता. पंच्याहत्तर वर्षं झाली, एक पान नाही वाहिलं."

तिला धीर द्यायला हवा होता. पण तोंडातून निघालं ते भलतंच!

"बस्स? शिवरात्रीच्या आत आजोबा हजर करतो!"

जुन्या ओळखी काढल्या, चहा पाजले आणि गावाचं निस्तार पत्रक मिळवलं. गावाची चराई कुठं, स्मशान कुठं, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यात स्पष्ट नोंद होती : 'गोसाव्यांची समाधी, विहिरीपासून उत्तरेस सहा साखळ्या.' सोबत आमच्याच कचेरीतली नकाशाची जुनी नक्कल. विहीर तर अजून ले-आउटमधल्या मंदिरामागं आहेच!

"बाबा, एक साखळी म्हणजे किती?" माझ्या लेकीनं, नूपुरनं विचारलं.

"तेहतीस फूट! हे काय विचारणं झालं?"

"नकाशावर पाहून घेऊ का एकदा?"

"चौतीस वर्षं काय मी शेंगा सोलल्या?"

शिवरात्रीच्या सकाळी तेहतीस फुटांची दोरी घेऊन विहिरीपासून उत्तरेकडं मोजत निघालो. मी पुढं, नूपुर मागं, आत्या बेलाची परडी घेऊन मधोमध. सहावी दोरी संपली ती आमच्याच ले-आउटमधल्या प्रेमानंद रामटेकेच्या मागच्या अंगणात, एका सिमेंटच्या चौथऱ्यावर!

"काका, ते..." प्रेमानंद म्हणाला.

"प्रेमानंद, घाबरू नको! तुझा प्लॉट कोणी घेत नाही. फक्त दर्शन!"

"नाही, पण ते..."

"आधी चपला काढ!"

बिचाऱ्यानं चपला काढल्या. मी नारळ फोडला. आत्या वाकली, बेल वाहिला आणि तशीच थांबली.

"दगडावर त्रिशूळ होता गा. गवंड्याची छिन्नी सटकली होती, डावा दात तुटका होता त्याचा."

"आत्या, झिजला असेल!"

"आन् बाबाले असा वास नव्हता येत."

"काका," प्रेमानंद कळवळून म्हणाला, "संडासाचं टाकं आहे ते. मागच्याच साली बांधलं. केव्हाचा सांगून राहिलो, तुम्ही बोलूच देऊन नाही राहिले!"

आत्यानं एकेक पान उचलून पदरात घेतलं. ती रागावली असती तर परवडलं असतं!

नूपुरनं तोवर माझ्या हातातला नकाशा ओढून घेतला होता. "बाबा, कोपऱ्यात बारीक लिहिलं आहे, एक साखळी सहासष्ट फूट. त्याच्यावर शिक्का पडला म्हणून नीट दिसत नाही. 'तपासले' असा शिक्का आहे."

"कोणत्या गाढवानं मारला तो?"

"खाली सही तुमचीच आहे."

मी दोरी उचलली. प्रेमानंदनं सज्जनपणे दोरीचं दुसरं टोक धरलं आणि आणखी सहा दोऱ्या मोजल्या. दोरी संपली. समोर कडुनिंब. कडुनिंबाखाली माझा दगड!

नूपुरनं खुरप्यानं दगडाच्या बुडाजवळचं गवत आणि माती काढली. त्रिशूळ निघाला. डावा दात तुटका! आत्या मांडी घालून खाली बसली, त्या दातावरून बोट फिरवलं आणि लहान पोरीसारखी रडली. मग शांतपणे परडीत उरलेली बेलाची पानं वाहिली. माझेही डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू?

मग तिनं दगडाच्या माथ्यावर हात फिरवला. "वरून इतका गुळगुळीत कोणं केला गा?"

"काकांनी!" प्रेमानंद भाबडेपणानं म्हणाला. "आठ वर्षं झाली, रोज सकाळी बसतात."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्या चपलेकडं पाहिलं. पण आत्या हसायलाच लागली! "बाबा गेले तवा तू जन्मलाही नव्हता. आजाच्या मांडीवर बसायचं राह्यलंच होतं तुहं. बसला तं बसला!"

"मांडीवर कुठं वं आजी?" नूपुर म्हणाली. "पणजोबांना बसवून ठेवलं ना? म्हणजे बाबा बरोब्बर डोक्यावर!"

आता आत्या रोज सकाळी तिथं बेल वाहते. मी पेपर उभ्यानं वाचतो. आणि जमिनीच्या कागदांबद्दल कोणी विचारलं तरच सांगायचं, असं ठरवलं आहे.

अजून कोणी विचारलेलं नाही.