अर्क-आस्वाद उपसमिती

आमच्या पशुप्रजनन संस्थेत एका मेंढीची बीजांडे काचेच्या बशीत ठेवली होती. मेंढी म्हातारी, तिच्या जातीची शेवटची. पुन्हा बीजांडे देणे आता तिच्याच्याने होणार नव्हते. त्याच जातीच्या एडक्याचे साठवलेले वीर्य दुसऱ्या गावाहून यायचे होते आणि वाहतूक विभागाच्या कृपेने ते वाटेतच अडकले होते. बशीतली बीजांडे कुणासाठी थांबत नाहीत. दिवसभरात म्हातारी होतात.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी त्यावर तोड काढली होती: एका झाडाच्या पाल्याचा अर्क. त्यातल्या अँटिऑक्सिडंटमुळे बीजांडांचे वय रेंगाळते. अधूनमधून थेंबभर घालत राहायचे, बस्स. हे त्यांनी संचालकांना सांगितले आणि तिथेच घोडे पेंड खायला लागले.

“म्हणजे वय थांबतं?” संचालकांनी सावरून बसत विचारले.

“बीजांडांचं, सर.”

“अहो, तेच म्हणतोय मी! पण मुक्या जिवाच्या बाबतीत काहीबाही वापरायचं म्हणजे जबाबदारी कोणाची? आधी माणसांवर चाचणी नको?”

मुद्दा रास्त होता. वयावरचा परिणाम तपासायचा तर तपासणाऱ्याकडे मुळात वय हवे, म्हणून संस्थेतल्या ज्येष्ठांची अर्क-आस्वाद उपसमिती नेमली गेली. प्रशासन अधिकारी या नात्याने मीही होतो. संचालकांनी दोन चमचे घेतले आणि गुडघा हलका झाल्याचे तिथल्या तिथे इतिवृत्तात नोंदवले. लेखापालांनी टकलावर चोळून पाहिला. समितीवर बाहेरचा तज्ज्ञ लागतोच. संचालकांच्या सासूबाईंनी घरून वाटी पाठवली, तीही काठोकाठ भरून दिली.

मॅडम धावत आल्या. “अहो, मला थोडा तरी ठेवा! तिकडे बीजांडं मरताहेत!”

“मॅडम, एवढी घाई बरी नव्हे,” संचालक मायेने म्हणाले. “तुमचं वय तरी काय आहे अजून!”

संध्याकाळी एडक्याचे पार्सल पोचले. पण तोवर अर्काची बाटली कोरडी, बीजांडे निकामी. मॅडम बशीपाशी बसून ढसाढसा रडल्या. मला फार वाईट वाटले. पण माझी कातडी त्या दिवशी खरोखरच तुकतुकीत दिसत होती, खोटे कशाला बोलू?

अहवाल एकमताने मंजूर झाला: अर्क सुरक्षित, सदस्य टवटवीत, बीजांडांनी मात्र प्रशासनाला सहकार्य न करता परस्पर वार्धक्य स्वीकारले. सदस्य तरुण झाल्याने त्यांची निवृत्ती अर्थातच पाच वर्षे पुढे गेली.

बातमी फुटली तसे मॅडमना फोनवर फोन येऊ लागले. लोक आधी हळहळायचे, “अरेरे, बिचारी मेंढी!” आणि लगेच आवाज खाली आणून विचारायचे, “ते झाड कुठलं हो?” मॅडमनी वैतागून फोनच बंद करून टाकला.

वाचकहो, तुम्ही सज्जन आहात, त्या मेंढीसाठी तुमचा जीव तुटतोय, हे मला दिसतेच आहे. पण खरे सांगा, दुसऱ्या परिच्छेदापासून झाडाचे नाव कोण शोधतेय?