वजडीच्या डब्यातलं लग्न

"आता हे लग्न आपण मेलो तरी मरत नाही," असं नेव्हिल ट्रेझीजने चार वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं. लग्न म्हणजे त्याचं आणि लॉरेनचं, आणि तेही व्हिडिओ कॅसेटमधलं. कॅसेटला बुरशी धरायला लागली होती. नेव्हिलने जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या एका एसएसडी ड्राइव्हवर ती उतरवून घेतली आणि मूळ कॅसेट स्वतः नेऊन गावाबाहेरच्या कचरा डेपोत टाकली. ड्राइव्ह पत्त्यांच्या जोडापेक्षाही लहान. आत फिरणारं चाक नाही, घासणारी सुई नाही, म्हणजे बिघडायला काही नाहीच मुळी. कॅसेट निदान राहू द्यायची होतीस, असं लॉरेन म्हणाली, तेव्हा नेव्हिलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सुरक्षित जागी ठेवलंय. काळजी सोड."

हे वाक्य ऐकलं की लॉरेनची काळजी सुरू व्हायची. नेव्हिलने सुरक्षित जागी ठेवलेली वस्तू गेली असंच समजायचं, हा तिचा संसारभराचा अनुभव होता. गाडीची जादा किल्ली अशीच एका सुरक्षित जागी आहे. ती गाडी विकूनही आता जमाना झाला.

ड्राइव्हची सुरक्षित जागा म्हणजे मागच्या अंगणातली पत्र्याची शेड. तिथलं सगळ्यात वरचं फळकूट, त्यावर बिस्किटांचा डबा, डब्यात ड्राइव्ह. चोर तिथे पोहोचणार नाही, पाणी पोहोचणार नाही, असा हिशेब होता. ऊन पोहोचेल हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पेनरोज गावात जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, पत्र्याखाली पाव ठेवला तर तो भाजून निघतो, जॅम लावून थेट खाता येतो.

यंदा फेब्रुवारीत लग्नाला चाळीस वर्षं होत होती. शनिवारी गावच्या हॉलमध्ये मेजवानी ठरली, आणि लॉरेनने एकच गोष्ट मागितली. तिला तिच्या बाबांचं लग्नातलं भाषण ऐकायचं होतं. तिचे बाबा, सिरिल, लग्नानंतर काही महिन्यांतच गेले. त्यांचे फोटो होते, टोपी होती, पाइप होता. आवाज मात्र तेवढ्या एका भाषणातच उरला होता. "काय बोलले होते ते मला आठवतही नाही रे," ती म्हणाली. "मी तेव्हा नुसती रडत होते. एकदा ऐकलं की बास."

सासऱ्याचं भाषण नेव्हिललाही आठवत नव्हतं. त्यानंतर आपण दिलेलं उत्तर मात्र शब्दन् शब्द पाठ होतं, आणि दरवर्षी त्यात चारदोन शब्दांची भरही पडत होती. सगळा हॉल उठून उभा राहिला होता, असं तो सांगे. शनिवारी आता पुरावाच दिसणार म्हणून स्वारी खुशीत होती.

मंगळवारी पर्थहून लेकीचा फोन आला. कॅरिन संगणकाच्या कामातली. तिने सहज विचारलं, "बाबा, त्या ड्राइव्हला अधूनमधून वीज देतोस ना?"

नेव्हिलची हयात वीज कंपनीत गेली होती. गावातल्या घराघराचे मीटर त्याने वाचले होते. पण फळकुटावरच्या डबीला वीज द्यावी लागते, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. कॅरिनने समजावून सांगितलं. यात माहिती म्हणजे इवल्या इवल्या कप्प्यांत कोंडलेला विजेचा भार. नुसता पडून राहिला तर तो हळूहळू गळतो. वापरून झिजलेल्या ड्राइव्हमधून लवकर, आणि उकाड्यात तर फारच लवकर. म्हणून ड्राइव्ह थंड जागी ठेवायचा, वर्षातून एकदोनदा संगणकाला जोडायचा, आतलं सगळं वाचून बघायचं आणि दुसरीकडे प्रत काढायची.

"ते तर मी जाणतोच," नेव्हिल म्हणाला. पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि एवढ्या सगळ्यातला 'थंड' हा एकच शब्द त्याच्या डोक्यात रुतून बसला होता. कॅरिन शेवटी म्हणाली होती, आजच जोड आणि प्रत काढ. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याने शेडमध्ये जाऊन जुनी लाकडी शिडी लावली, हिरव्या रंगाने माखलेल्या वरच्या पायरीला धरून तोल सांभाळला आणि डबा काढला. डबा बोटांना चटका बसेल इतका तापला होता. ड्राइव्ह जोडून बघावा असं एकदा मनात आलं. पण जोडला आणि आत काही नसलं तर? लॉरेनला काय तोंड दाखवायचं? त्यापेक्षा शुक्रवारी कॅरिन येईपर्यंत उरलेली वीज गोठवून ठेवावी, हे त्याला जास्त शहाणपणाचं वाटलं.

शेडमध्ये त्याचा बिअरचा फ्रिज होता. त्याने ड्राइव्हला प्लास्टिक गुंडाळलं, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि झाकण लावलं. पण शनिवारच्या तयारीत कुणी हात घातला तर? त्यावरही तोड निघाली. झाकणावर चिकटपट्टी लावून त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, 'वजडी'. गाईच्या पोटातली ही चीज घरात कुणाच्याच घशाखाली उतरत नसे. आपल्या अकलेवर खूश होऊन त्याने त्याच फ्रिजमधली एक बिअर उघडली.

शुक्रवारी सकाळी तो फ्रिज उघडतो तर आत डबा नाही. लिंबू सरबताच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

"मी रिकामा केला," स्वयंपाकघरातून लॉरेनने सांगितलं. मेजवानीच्या पास्टींसाठी, म्हणजे मांस-भाजी भरलेल्या भाजक्या कानवल्यांसाठी, ती सलगम चिरत होती. "तुझी ती वजडी कॉलिनला देऊन टाकली. बिचारा एकटा असतो, त्याला आवडते."

कॉलिन रॉडा म्हणजे शेजारचा विधुर, नेव्हिलचा शाळेपासूनचा मित्र आणि लग्नातला करवला. गावात वजडीवर प्रेम करणारा एकच इसम होता आणि तो नेमका कुंपणापलीकडे राहत होता. नेव्हिल चपला न घालताच धावला.

डबा कॉलिनच्या फ्रीझरमध्ये दगडासारखा होऊन बसला होता. परत दे म्हटल्यावर कॉलिनने फ्रीझरच्या दारालाच पाठ लावली. दिलेली वस्तू परत मागायची रीत कुठली, असं त्याचं म्हणणं होतं. खराब झालीय, असं नेव्हिलने सांगून पाहिलं. चालेल, जरा जास्त शिजवतो, असं कॉलिन म्हणाला.

"पण तुला आजवर वजडीचा वास सहन झाला नाही," कॉलिनने डोळे बारीक केले. "तुला कशाला हवी रे?"

खरं सांगावं तर ते संध्याकाळपर्यंत लॉरेनच्या कानावर जाणार. नेव्हिलने खालच्या आवाजात सांगितलं, "डॉक्टरने सांगितलीय. कुणाला बोलू नकोस."

कॉलिनचा चेहरा पडला. त्याने मुकाट्याने डबा काढून दिला, वर नेव्हिलच्या पाठीवरून हात फिरवला. आणि कुणाला बोलायचं नाही हे नीट लक्षात ठेवून फक्त लॉरेनला सांगितलं.

दुपारी जेवायला बसल्यावर नेव्हिलसमोर बशीभर वजडी आली. कांदा घातलेल्या पांढऱ्या रश्श्यात ती मऊ, ओली तरंगत होती. लॉरेन खास खाटकाकडे जाऊन घेऊन आली होती. तिचे डोळे लाल झाले होते. "मला सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, नेव्हिल. दुखणंसुद्धा सुरक्षित जागी ठेवतोस का?"

आता खरं सांगायची वेळ होती. पण सांगायचं म्हणजे काय? तुझ्या बाबांचा आवाज मी आधी शेडमध्ये भाजला आणि मग शेजारी गोठवला? नेव्हिलने चमचा उचलला. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून लॉरेनलाही भरून आलं आणि तिने आणखी वाढलं.

संध्याकाळी कॅरिन आली तेव्हा तो तिला शेडमध्ये घेऊन गेला आणि सगळं ओकला, म्हणजे हकिकत. कॅरिनने डब्याकडे पाहिलं, झाकणावरचं अक्षर वाचलं आणि मटकन खुर्चीत बसली.

"बाबा, नुसता जोड म्हटलं होतं मी तुला!"

गळून गेलेलं गारव्याने परत येत नाही, असं तिने सांगितलं. आता तर गोठलेला ड्राइव्ह तसाच जोडला तर अंगावरच्या दवानेच तो जळायचा. तो रात्रभर कोरड्या जागी राहिला. शनिवारी सकाळी कॅरिनने तो जोडला. तो सुरू झाला, पण पुष्कळ ठिकाणी वाचता वाचता अडत होता. जे हाती लागलं त्याच्या तिने तीन प्रती काढल्या. त्यात दुपार झाली, आणि आत काय वाचलं, काय गेलं हे बघायला कुणालाच सवड मिळाली नाही.

हॉल भरला होता. लॉरेन पहिल्या रांगेत मांडीवर हात जोडून बसली होती. नेव्हिल शेजारी होता आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होता. दिवे मालवले. पडद्यावर चर्च आलं, त्याचे चौकोन चौकोन झाले. पाद्र्याचं डोकं निखळून केकवर बसलं, केक हिरवा झाला. लोक हसायला लागले. लॉरेनने नेव्हिलकडे पाहिलं आणि नेव्हिलने छताकडे.

मग चित्र एकदम स्वच्छ झालं. सिरिल उठून उभे राहिले, त्यांनी घसा खाकरला. लॉरेनने नेव्हिलचा हात घट्ट धरला.

"मंडळी," सिरिल म्हणाले, "हा पोरगा चांगला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने माझी शिडी नेली. लाकडी शिडी, वरची पायरी मी स्वतः हिरवी रंगवलेली. परत दे म्हटलं की म्हणतो, सुरक्षित जागी ठेवलीय. आज माझी पोरगी नेतोय. लॉरेन, बाळा, तू काही याला ठेवायला देऊ नकोस. तूच त्याला सांभाळ. आणि शिडी दिसली तर कळव मला."

हॉल पोट धरून हसला. लॉरेन हसता हसता रडत होती आणि पुटपुटत होती, "असंच बोलायचे ते. अगदी असंच." एक शब्दही गळला नव्हता. नेव्हिलच्या जिवात जीव आला.

आता पडद्यावर तरुण नेव्हिल उत्तराला उठला. खऱ्या नेव्हिलने कोट सारखा केला. पडद्यावरच्या नेव्हिलने तोंड उघडलं, त्याच्या चेहऱ्याचे चौकोन झाले, शिटी फुटलेल्या किटलीसारखा एक लांब आवाज निघाला आणि एकदम पाहुणे गाड्यांत बसून घरी जाताना दिसले.

मागच्या रांगेतून कॉलिन म्हणाला, "हुबेहूब. मला आठवतं ते अगदी असंच होतं."

लोक हसत पास्टींकडे वळले. लॉरेन मात्र जागची हलली नाही. तिने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे नीट वळून बसली.

"नेव्हिल, आपल्या शेडमधल्या शिडीची वरची पायरी कुठल्या रंगाची आहे?"

नेव्हिल वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

"हिरवी," तो म्हणाला. "पण बघ ना, सुरक्षित आहे."