कोऱ्या चकतीचा उद्धटपणा

जंतू मेला की नाही, हे जंतूने ठरवायचे नसते. विभागप्रमुखांनी ठरवायचे असते. आमच्या प्रयोगशाळेने हे तत्त्व मनोभावे पाळले आहे.

यंदाचा जंतू घरचाच होता, विभागप्रमुख सरांच्या सासऱ्यांच्या पायाच्या जखमेतला. डॉक्टरांची सगळी औषधे पचवून ढेकरही न देणारा. (असा निगरगट्ट जंतू मिळायला भाग्य लागते.) डॉक्टर पाय कापायची भाषा करू लागले, तेव्हा सरांनी कुंपणावरचा कडू पाला वाटायला घेतला.

पाला अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला, त्यात कागदाची चकती बुडवली आणि जंतू पसरलेल्या बशीत ठेवली. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ वलय, जंतू साफ! सरांनी स्वखर्चाने सर्वांना चहा पाजला. (विभागाच्या इतिहासात प्रथमच.)

त्यात मिठाचा खडा टाकला संशोधन करणाऱ्या मुलीने. तिने नियमाप्रमाणे तुलनेसाठी एक कोरी चकती नुसत्या अल्कोहोलमध्ये बुडवून त्याच बशीत ठेवली होती. त्या चकतीभोवतीही तेवढेच वलय.

"म्हणजे जंतू अल्कोहोलनेच मेले. पाल्याने काहीच केलं नाही, सर."

"अगं, एकाच बशीत होत्या ना दोघी? संगतीचा परिणाम!"

मुलीने कोरी चकती वेगळ्या बशीत ठेवली. वलय तेच. मग समिती बसली. कोरी चकती विभागाच्या शिस्तीला बाधक असल्याचे एकमताने ठरले आणि तिला प्रयोगातून काढून टाकण्यात आले. त्यानंतर यश शंभर टक्के, विरोध शून्य टक्के. मला तर बाई भरूनच आले.

शोधनिबंध छापून आला त्याच दिवशी सरांच्या पत्नी रिकामी बाटली घेऊन आल्या.

"अहो, द्या ना तो अर्क. उद्या बाबांचा पाय कापतायत."

सरांनी चष्मा पुसला. "वेडी आहेस का? ते जगासाठी आहे. घरच्या माणसाला कसं लावायचं?"

पाय गेला. सासरे वाचले, हे नशीब.

हसा, सरांना खुशाल हसा. पण जंतू इतका निर्ढावला कसा, याचीही आम्ही चौकशी केली. सासरे वर्षानुवर्षे शेजाऱ्यांनी दिलेल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेत होते. बरे वाटले की सोडत होते, आणि वाचलेले जंतू औषधाला सरावत होते. शेजारी अगदी तुमच्यासारखेच, सुशिक्षित आणि प्रेमळ. तुमच्याही कपाटात अशा चार-दोन गोळ्या जपून ठेवलेल्या असतील. जा, बघून या. आम्ही थांबतो.