पापणी लवल्याची पडताळणी

सान इल्दे बेटाच्या वीज सहकारी मंडळानं बेटावरचे सगळे मीटर हुशार करायचं ठरवलं, ते पूर्ण विचारांती. जुने मीटर मठ्ठ होते. वीज किती वापरली एवढंच त्यांना कळे. ती कोणी वापरली, का वापरली आणि वापरताना त्याच्या मनात काय होतं, याची त्यांना गंधवार्ता नसे. मंडळाच्या परिपत्रकात म्हटल्याप्रमाणे, 'माहितीअभावी मंडळास सभासदांवर विश्वास ठेवावा लागत होता.' हे फार दिवस चालू देणं धोक्याचं होतं.

सभासद म्हणजे आम्हीच. नुसते सभासद नव्हे, सभासद-मालक. बिलावर तसं छापलेलं असतं. खांब आमचे, तारा आमच्या, आणि लाईट जातात तेही आमचेच जातात. मालकांची सभा वर्षातून एकदा बास्केटबॉलच्या मैदानावर भरते. माणूस नुसत्या मालकीपोटी उन्हात बसत नाही हे मंडळ अनुभवानं शिकलंय. म्हणून सभेच्या शेवटी तांदळाच्या पोत्यांची आणि टेबलफॅनची सोडत असते. प्रत्येक मालकाला दारातच गुलाबी कूपन मिळतं, आणि ते मिळालं की मालक सोडतीपर्यंत हलत नाही.

गेल्या वर्षीच्या सभेत मंडळाचे इंजिनिअर मॉन्तेसिल्यो यांनी हुशार मीटरचं गुणवर्णन केलं. प्रश्न एकट्या मानोंग तिबुर्सियोंनी विचारला. थोरल्या पुरुषाला आम्ही मानोंग म्हणतो, थोरल्या बाईला मानांग. तिबुर्सियोंनी गावच्या बँडमध्ये उभा जन्म ट्रम्पेट वाजवलेला, त्यामुळे त्यांना माइक लागत नसे.

"इंजिनिअर, लाईट गेले तर हा मीटर काय करणार?"

"तो स्वतःहून आम्हाला कळवणार, मानोंग."

"लाईट नसताना?"

"त्याच्या पोटात बॅटरी आहे."

"म्हणजे लाईट मीटरकडे असणार, फक्त आमच्याकडे नसणार?"

"अगदी बरोबर!" इंजिनिअर खूश झाले. इतक्या लवकर अजून कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

मग अध्यक्ष म्हणाले, "सोडतीआधी सगळ्यांनी आपापली कूपनं वर धरा बघू. खोटी फार आलीत यंदा." कूपनं वर गेली. फोटो निघाला. इतिवृत्तात नोंद झाली: 'हुशार मीटरचा ठराव हात वर करून एकमतानं मंजूर.' फोटोत मानोंग तिबुर्सियोंचंही कूपन वर आहे. शंका आल्या म्हणून माणूस भात खायचा थांबत नाही.

मीटर बसले आणि काही दिवसांनी मानोंग तिबुर्सियो वारले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसल्याचा खुलासा मंडळानं कुणी न विचारताच केला.

त्यांचा मुलगा रोडेल मालवाहू जहाजावर. जहाज कुठल्याशा बंदराला लागणार, मग तो विमान पकडणार, मग आमच्या बेटाची बोट. तो येईपर्यंत दफन नाही. पुढच्या खोलीत काचेच्या झाकणाची शवपेटी, पेटीच्या डोक्याशी आणि पायाशी दिवा, बाजूला पंखा, आणि सगळं घर रात्रभर उजळलेलं. लोक पाळीपाळीनं जागायला येतात, पत्ते कुटतात, कॉफीत बिस्किटं बुडवतात. प्रेत घरात असेपर्यंत उजेड मोडायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज आहे.

मानांग पुरेझांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, एकच मागणं होतं. "पोरानं लहानपणी बापाला बघितलं ते मेणबत्तीत. शेवटचं तोंड तरी त्याला दिव्याखाली दिसू दे. बाकी मला काही नको."

पण या घरातली दोन म्हातारी माणसं जेवली की दिवे मालवतात, हे हुशार मीटरला पाठ झालं होतं. आता तिथं रात्रभर दिवे! मीटरनं आपलं कर्तव्य केलं. मानोंग तिबुर्सियोंच्या फोनवर संदेश आला: 'प्रिय सभासद-मालक, आपल्या सवयी अचानक बदललेल्या दिसतात. आपण बरे आहात ना? बरे असल्यास १ दाबा. आपली वीज दुसरेच कोणी वापरत असल्यास २ दाबा.'

"१ दाबून टाका, मानांग, कटकट नको," शेजारची डेल्फा म्हणाली.

"बरे आहेत म्हणून सांगू? त्यांच्या उशाशी बसून?" मानांगनी क्रूस केला. "जीभ झडेल माझी."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. चार टेबलांवर पत्ते चालले होते, भिंतीपाशी पाहुण्यांचे फोन ओळीनं चार्जिंगला लावले होते, आणि डेल्फाचा नवरा पंख्याचं तोंड हळूच स्वतःकडे वळवत होता. वीज दुसरेच वापरत होते, यात शंका नव्हती. मानांग सत्याला धरून वागणाऱ्या. त्यांनी २ दाबलं.

घरातले दिवे तिथल्या तिथं गेले. शेजारी सगळीकडे लख्ख होतं. बाहेर भिंतीवर मीटरचा हिरवा डोळा शांतपणे उघडझाप करत होता.

सकाळी मानांगबरोबर मी मंडळाच्या कचेरीत गेलो. सभासद-समाधान कक्षात मिस जोव्हेलिन बसते. पोरगी वाईट नाही. तिनं आधी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या.

"मानांग, चोरी होतेय असं सभासदांनीच कळवलंय. आता त्यांनीच फोनच्या कॅमेऱ्यात बघून पापणी लववायची. म्हणजे माणूस खराखुरा आहे याची पडताळणी होते."

"अगं, ते गेले. घरात पेटी ठेवलीय ती त्यांचीच."

"अरेरे!" जोव्हेलिननं खरंच वाईट वाटून घेतलं. "तसं नोंदवू का मग? पण नोंदवलं की सभासदत्व संपतं, मीटर काढून नेतात. मग तुम्ही नवीन सभासद व्हायचं. त्याआधी शिबिर करावं लागतं, 'माझी वीज, माझं मंडळ'. ते पुढच्या महिन्यात आहे."

"आणि तोवर?"

"तोवर मंडळ आहेच की."

मानांग म्हणाल्या, "नको नोंदवूस. रोडेल येईपर्यंत राहू देत जिवंत."

"तेच बरं पडेल," जोव्हेलिनला सुटल्यासारखं झालं. "फक्त पापणी तेवढी लववून घ्या. आणि एकदम जमलं नाही तर खचू नका. माझ्या आजोबांना जिवंत असून जमत नव्हतं."

वाटेत डेल्फा भेटली. "मेणबत्त्या आणू का दुकानातून?"

"मेणबत्त्यांत जन्म काढला त्यांनी," मानांग म्हणाल्या. "आता मेल्यावर तरी मंडळानं उजेड द्यावा की नाही?"

संध्याकाळी मेणबत्त्याच आणाव्या लागल्या. पेटीभोवती त्या लावल्या आणि डेल्फानं काचेवर फोन धरला. 'चेहरा पूर्णपणे जुळला,' फोननं जाहीर केलं. जुळणारच. केस विंचरलेले, पावडर लावलेली, तोंड मिटलेलं. मानोंग तिबुर्सियो हयातीत कधी ओळखपत्रावरच्या फोटोसारखे दिसले नव्हते.

'आता नैसर्गिकपणे पापणी लववा.'

सगळ्यांनी श्वास रोखला. मी स्वतः एवढं टक लावून बघितलं की माझेच डोळे झोंबायला लागले.

'पुन्हा प्रयत्न करा.' मग पुन्हा. मग, 'आपण सहकार्य करत नाही आहात.'

"आयुष्यभर असेच होते हो," डेल्फाचा नवरा पुटपुटला.

तेवढ्यात कुणीतरी बिस्किटांचा डबा घेऊन दार ढकललं. वारा आत आला, ज्योती वाकल्या आणि मानोंगच्या डोळ्यांवरून सावली सरकली.

'धन्यवाद. आपण जिवंत आहात.'

भपकन दिवे आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग पेटीकडे लक्ष जाऊन ओशाळले. इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी कॉफी ओतणाऱ्या मानांग पुरेझा तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. पुढं रोडेल आला. बापाला त्यानं दोन्ही दिव्यांच्या उजेडात पाहिलं, काचेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मानोंगना पुरलं.

मंडळाच्या दृष्टीनं यातलं काहीच घडलं नव्हतं. तिथं मानोंग तिबुर्सियो पडताळणी झालेले सभासद-मालक होते. यंदाच्या सभेला त्यांच्या नावाचं गुलाबी कूपन निघालं. ते घेऊन मानांग येऊन बसल्या.

यंदाचा विषय होता 'शोकभार नियमावली'. मरू इच्छिणाऱ्या सभासदानं मंडळाला आगाऊ कळवायचं. रडणाऱ्यांची आणि पत्ते खेळणाऱ्यांची संख्या घरच्या मंजूर वीजभारापेक्षा जास्त असता कामा नये. सभासदाचा मुलगा परदेशी असेल तर त्यानं आधी यावं, मृत्यू नंतर.

"मागे एका घरी थोडा गैरसमज झाला होता," इंजिनिअर मॉन्तेसिल्यो म्हणाले. "पण त्यात दोष सभासदाचा होता. त्यांनी वेळेवर काही सांगितलंच नाही."

आम्ही माना डोलावल्या. यंदा पोती जास्त होती.

अध्यक्ष म्हणाले, "चला, कूपनं वर धरा." सगळं मैदान गुलाबी झालं. माझंही कूपन त्यात होतं. चांगला उंच माणूस आहे मी, फोटोत स्पष्ट दिसतोय. मानांग पुरेझांनी मात्र आपलं कूपन मांडीवर पालथं ठेवलं.

"अहो मानांग, वर धरा ना!" डेल्फानं त्यांना कोपरानं ढोसलं. "नंबर बाद होईल. तांदूळ जाईल हातचा!"

"कूपन त्यांच्या नावाचं आहे," मानांग म्हणाल्या. "त्यांचा हात वर जात नाही."

इतिवृत्तात नोंद झाली: ठराव मंजूर. विरोधात एक, श्री. तिबुर्सियो गायेनेरो. मंडळाच्या इतिहासात कुणी सभासद विरोधात गेल्याची ही पहिलीच वेळ.

सोडत चालू असतानाच मानांगच्या पिशवीत मानोंगचा फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून वाचला आणि मग माझ्याकडे दिला. 'प्रिय सभासद-मालक, आपण आजवर प्रत्येक ठरावास पाठिंबा दिलात. आज आपले वागणे अचानक बदललेले दिसते. आपण बरे आहात ना? बरे असल्यास १ दाबा.'

मी फोन परत दिला. या खेपेला मानांगनी क्रूस केला नाही की कुणाकडे पाहिलंही नाही. त्यांनी सरळ १ दाबलं आणि फोन पिशवीत ठेवला.

आमच्यापैकी दुसऱ्या कुणालाही तो संदेश आला नाही. आमच्या वागण्यात काही बदल आढळला नव्हता. तुम्हीही एकदा आपला फोन बघून घ्या.