वाटीची खिडकी

पाटी शेजारच्या भैयाजीच्या घराला लागणार हे ऐकलं आणि रूपरावला हातातला चहा कडू लागला.

"साखर नाई टाकली का वो?" त्यानं बायकोला विचारलं.

"टाकली. तुमच्या पोटात दुखून राह्यलं, त्याले साखर काय करंन?" रुख्माबाई म्हणाली.

दुखणारच ना! पुलगावातली ही गिरणी लाईन म्हणजे एकमेकांना चिकटून बसलेली कौलारू घरं. दोन घरांत मिळून भिंत एकच. पहिल्या घरात कोणी शिंकलं, तर तिसऱ्या घरातून "सर्दी झाली का बाप्पा?" अशी विचारपूस व्हायची. गिरणी केव्हाच बंद पडली, लाईन मात्र उभी राहिली. आता एका जतन समितीनं ती जशीच्या तशी राखायचं ठरवलं होतं आणि तिच्यातल्या एकाच घराला पितळी पाटी लागणार होती. रूपरावचा आजा या लाईनीत राहिला, तसा भैयाजीचाही राहिला. मग पाटी त्याच्याच दारावर काऊन?

तर वाटीच्या खिडकीमुळे. गिरणी चालू होती तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या असत. एका घरची माणसं कामावर गेली, की शेजारीण मधल्या भिंतीतल्या खिडकीतून त्यांच्या दुधाकडे, पोराबाळांकडे बघायची. भाजीची वाटी तर रोज इकडून तिकडे जायची. पुढे एकेकानं या खिडक्या बुजवल्या. भैयाजीच्या बाजूची सागवानी चौकट तेवढी शिल्लक राहिली.

"राखली म्हनते तो!" रूपराव फणफणला. "आळशी मानूस. बुजवाले गवंडी आनाव लागते, म्हून राह्यली!"

"आन आपली बाजू कोनं बुजवली?"

ती रूपरावनंच बुजवली होती. भैयाजीनं मोठा टीव्ही घेतला, तेव्हा रूपरावनं त्याहून मोठा आणला होता. तो मावेल अशी भिंत घरात एकच, आणि तिच्यात नेमकी खिडकी. रूपरावनं त्याच दिवशी विटा मागवल्या होत्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून भैयाजीचा आवाज आला. समितीच्या मॅडम संध्याकाळी येणार होत्या आणि भैयाजी भाषणाची तालीम करत होता. "आमच्या आज्यानं खिडकी जपली, आमच्या बापानं जपली..."

मग मात्र रूपरावला राहवेना. त्यानं टीव्ही उतरवून दिवाणावर ठेवला आणि भिंत फोडायची सब्बल काढली.

"काय करून राह्यले तुमी?" रुख्माबाई ओरडली.

"खिडकी काय त्याच्या एकट्याची हाय? भिंत दोघायची, तं पाटीबी दोघायची!"

आपलीच भिंत, आपल्याच विटा. पण वीट कोणत्या बाजूला पडायची हे काही रूपरावच्या हातात नव्हतं. चार घाव बसले आणि सगळं बांधकाम धडाधडा पलीकडे गेलं. भैयाजीनं चौकटीत समई मांडली होती, झेंडूचा हार लावला होता, खाली त्याच्या बायकोची, सीताबाईची, लोणच्याची बरणी होती. समई आडवी झाली, बरणी फुटली. धूळ बसली तसा भोकातून भैयाजी दिसला. परीटघडीचा सदरा घातलेला आणि टाळूपासून मिशीपर्यंत पांढरा.

"रूपराव! बे, भूकंप झाला का?"

"मी माही बाजू उघडली. तुमाले काऊन तरास?"

"माह्या हारावर वीट पडली नं!"

"आन माह्या लोनच्यावर!" सीताबाईनं मागून आवाज चढवला.

ऐन या गदारोळात समितीच्या अंकिता मॅडम भैयाजीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. रूपरावनं सब्बल पाठीमागे लपवली. आता पाटी तर जाणारच, वर भिंत पाडली म्हणून बोलणी खावी लागणार. मॅडम विटा ओलांडून खिडकीजवळ आल्या, वाकून इकडे पाहिलं आणि टाळी वाजवली.

"अरे वा! आरपार उघडी खिडकी! अख्ख्या लाईनीत एवढी एकच. आता पाटी दोन्ही ओसऱ्यांच्या मधल्या खांबावर लावू, दोन्ही घरांची मिळून. फक्त एक फोटो हवा, वाटी देताना-घेतानाचा."

रूपरावचा ऊर भरून आला. दोन्ही बायकांनी बरणीचा राग बाजूला ठेवून घरात होतं ते वाटीत वाढलं. रुख्माबाईची डाळभाजी तिकडे गेली आणि सीताबाईची बेसनाच्या वड्यांची पाटोडीची भाजी इकडे आली. फोटो निघाला, मॅडम गेल्या, आणि आलेली भाजी टाकून कशी द्यायची म्हणून रूपरावनं पाटोडी तोंडात टाकली.

त्याचा घास तिथंच थांबला. इतकी वर्षं, भिंतीच्या पलीकडे, हा माणूस रोज हे खात होता!

"अवो," तो हळहळून म्हणाला, "याले म्हनते पाटोडी. तुले काऊन नाई जमत अशी?"

रुख्माबाई काही बोलणार, तोच खिडकीतून भैयाजीचा आवाज आला. "सीते, डायभाजी खाऊन पाह्य. नशीबवान हाय रूपराव! नाई तं आपल्या इथं नुसतं पानी!"

दोघी बायकांनी खिडकीतून एकमेकींकडे पाहिलं. सख्ख्या बहिणींचं पटावं तसं त्यांचं त्या एका नजरेत पटलं. सीताबाईनं पलीकडून गव्हाची कोठी सरकवून चौकटीला लावली. इकडे रुख्माबाईनं टीव्ही परत भिंतीवर चढवला, आणि तो उचलताना तिनं नवऱ्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

आठवड्यात मधल्या खांबावर पाटी लागली. 'दोन घरांमधली ही खिडकी आजही उघडी आहे,' असं तिच्यावर कोरलं होतं. लांबून लोक यायचे, पाटीजवळ उभं राहून फोटो काढायचे आणि समाधानानं परत जायचे.

जेवणाच्या वेळी ओसरीवर कोणी नसलं, की दारांकडे पाठ करून दोन नवरे त्याच पाटीखाली येतात आणि सदऱ्याआडून वाटी काढून बदलून घेतात.

"कोनाले सांगजो नोको," भैयाजी म्हणतो.

"नाई सांगत." रूपराव मान हलवतो. त्याचं सगळं लक्ष वाट्यांकडे असतं. भैयाजीची वाटी छोटी आहे, आपली मोठी, हे त्याच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. आता तो घरात आणखी छोटी वाटी शोधतो आहे.