लाल गराचा पेरू

भोयर गुरुजी कोणतेही फळ हातात आले की प्रथम त्याची उलटतपासणी घेत. "हे कोनाले बोलावून राहिलं, अन् कोनाले हाकलून राहिलं?" याचे उत्तर सापडल्याशिवाय घास तोंडात जात नसे. नंदनवन वस्तीतील आमच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवीत, मी गणित. घरेही शेजारी होती.

एका लग्नाच्या पंगतीत ठेच्याने वरपित्याच्या डोळ्यांत पाणी आले. कोणी गूळ पुढे केला, कोणी पाणी. गुरुजींनी व्याख्यान पुढे केले. "मिरचीनं तुमाले बोलावलंच नव्हतं जी! आपल्या दाढा तिची बी चिरडतात, म्हणून आपल्याले तिखट. बुलबुलाले नाही लागत. तो अख्खी गिळते अन् दूर नेऊन टाकते." वरपित्याने त्यानंतर आमच्या पानांकडे वाढपीही फिरकू दिला नाही.

गुरुजींच्या अंगणातला पेरू त्यांच्या दिवंगत पत्नीने, सुमनबाईंनी, लावलेला. पाखरे आणि वटवाघळे त्यावर तुटून पडत. समोरच्या शेवंताबाई ओरडत, "हाकला ना जी, गुरुजी! तुमाले काय उरते?"

"काहून हाकलू वं? बी कच्ची होती तवा फळ हिरवं, तुरट. बी पिकली, तसं पिवळं झालं, वास सोडला. सुमनच्या झाडानं आवतन धाडलं, अन् पाहुणे आले!" हे सांगताना त्यांची छाती फुगे.

पुढे रस्ता रुंद करण्यासाठी अंगण गेले आणि पेरू तोडला गेला. एकट्या पडलेल्या गुरुजींना पुतण्याने आपल्या गावी, खाप्याला, बोलावून घेतले. निघायच्या सकाळी शेवंताबाई एक पेरू घेऊन आल्या.

"आमच्या मोरीमागं झाड आपोआप उगवलं जी. पयलंच फळ हाय."

गुरुजींनी पेरू चिरला. गर लाल निघाला. आमच्या साऱ्या वस्तीत लाल गराचे झाड एकच होते, आणि ते आता राहिले नव्हते.

गुरुजी फोडी न चावता, पाण्याच्या घोटाबरोबर गिळू लागले. मी घाबरलो.

"गुरुजी, चावा तरी!"

"दाढेखाली बी सापडली तर गेली ना गा, मास्तर."

पेरूची टणक बी पोटातून सुखरूप बाहेर पडते, हा धडा त्यांच्या वर्गाच्या भिंतीतून मी दर वर्षी ऐकला होता. तरीही, सभ्यपणाचा मार्ग म्हणून, मी सुचवले, "चार बिया पुडीत बांधून न्या ना."

गुरुजींची मान ताठ झाली. "पुडीत? एवढा गोडवा तिनं पुडीसाठी केला काय गा?" शेवटची फोड त्यांनी अलगद उचलली. "मी सोता नेतो तिले खाप्याले."